वर्गाचा ब्लॉग: सुरू करण्याआधी, चालवताना आणि बदली झाल्यावर

महाराष्ट्रात शिक्षकांच्या ब्लॉगची एक लाट येऊन गेली. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, त्याच सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल होऊ लागल्या आणि कितीतरी शिक्षकांनी ब्लॉगस्पॉटवर फुकट ब्लॉग काढले. शासन निर्णय, वार्षिक नियोजन, सराव प्रश्नपत्रिका एका जागी मिळू लागल्या. त्याचा उपयोग झालाच. पण त्या ब्लॉगांमध्ये मुलांनी स्वतः लिहिलेली चार वाक्यं शोधावी लागतात. हा लेख त्या चार वाक्यांसाठी आहे. पाचवी ते आठवीच्या मराठी माध्यमाच्या वर्गाचा ब्लॉग कसा उभा करायचा, तो कशामुळे फसतो आणि कुठे मुलांना इजा होऊ शकते, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

फायदा नेमका कशात

निबंधाच्या वहीला एकच वाचक असतो, तो म्हणजे गुरुजी किंवा बाई. त्यांना गाव माहीत, तळं माहीत, बाजार माहीत. त्यामुळे 'आमच्या गावचा बाजार खूप छान असतो' एवढ्यावर मुलाचं काम भागतं. वाचक अनोळखी झाला की हे वाक्य पुरत नाही, आणि ते पुरत नाही हे मुलाला सांगावंही लागत नाही. पुढचा वाचक विचारतो, 'म्हणजे कसा असतो?' तिथून दुसरा खर्डा सुरू होतो. ब्लॉगची सगळी किंमत या दुसऱ्या खर्ड्यात आहे. पहिलाच खर्डा टाइप करून टाकायचा असेल, तर वही पुरेशी आहे.

दुसरा फायदा घरच्यांचा. बीड आणि अहिल्यानगरच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेले आईवडील मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मूल आजीजवळ राहिलेलं असतं. त्याने लिहिलेलं फडावर फोनमध्ये दिसतं. वाचता येत नसेल तर मुलाच्याच आवाजात दोन मिनिटांचं वाचन सोबत जोडता येतं. अशा ठिकाणी ब्लॉगला 'उपक्रम' म्हणण्याची गरज उरत नाही.

मुलांचं साधं लेखन किती दूर जातं, याचं एक खरं उदाहरण स्कॉटलंडमधलं आहे. २०१२ मध्ये तिथल्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेतल्या रोजच्या जेवणावर ब्लॉग सुरू केला. ताटाचा फोटो, दहापैकी गुण, किती घास मिळाले, किंमत किती, जेवणात केस सापडला का, एवढंच ती लिहायची. त्या जूनमध्ये स्थानिक कौन्सिलने फोटो काढायला बंदी केली. गदारोळ झाल्यावर लगेच ती मागेही घेतली. वाचकांनी तिच्यामार्फत शाळकरी मुलांच्या जेवणासाठी एक लाख पौंडांहून जास्त देणगी जमवली. शिक्षकांनी यातून एक गोष्ट घ्यावी: ती मत कमी आणि मोजमाप जास्त लिहायची. शालेय पोषण आहाराच्या खिचडीवर, शाळेच्या हापशावर, एसटीच्या वेळेवर आपली मुलंही असं लिहू शकतात.

पहिली पायरी: परवानग्या

ब्लॉग उघडण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवून इतिवृत्तात नोंदवा. पुढे कोणी तक्रार केली तर हीच नोंद शिक्षकाच्या पाठीशी उभी राहते.

मग पालकांचं संमतीपत्र. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती 'बालक' आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. प्रवेशाच्या वेळी दहा कागदांवर सह्या घेताना त्यांतच हा अकरावा कागद सरकवू नका. पालकसभेत पडद्यावर एक नमुना पोस्ट दाखवा, मोठ्याने वाचा आणि मग सही किंवा अंगठा घ्या. पत्रात या बाबी वेगवेगळ्या चौकटींत असू द्या: मुलाचं लेखन, चित्र, आवाज, फोटो. बरेच पालक लेखनाला हो म्हणतात आणि फोटोला नाही. एकच चौकट ठेवली तर त्यांना दोन्हीला नाही म्हणावं लागतं. खाली एक वाक्य ठळक छापा: 'ही संमती कधीही मागे घेता येईल, सांगितल्यापासून तीन दिवसांत मजकूर काढला जाईल.' संमती न दिलेल्या मुलाचं लेखन वर्गातल्या भित्तिपत्रकावर त्याच दिवशी लावा, म्हणजे ते मागे पडल्यासारखं होत नाही.

दुसरी पायरी: खातं आणि सेटिंग्ज

ब्लॉगर, म्हणजे ब्लॉगस्पॉटचे ब्लॉग जिच्यावर बनतात ती सेवा, १९९९ पासून आहे, २००३ पासून गूगलकडे आहे, फुकट आहे आणि मोबाइलवरून चालतो. शाळेसाठी तो पुरतो. वर्डप्रेस डॉट कॉमही चालेल, पण फुकट योजनेत त्यांच्या जाहिराती दिसतात.

ब्लॉग स्वतःच्या खासगी जीमेलवर उघडू नका. शाळेच्या नावाने नवं खातं काढा, पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे ठेवा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. मुलांना लेखक म्हणून जोडायचा मोह टाळा. भारतात स्वतःचं गूगल खातं १३ वर्षांपासून काढता येतं. सहावी-सातवीची बहुतेक मुलं त्याखालची असतात आणि जन्मतारीख खोटी टाकायला शाळेतच शिकवणं योग्य नाही. पोस्ट शिक्षकच टाकतील.

सेटिंग्जमध्ये चार गोष्टी बघा. 'रीडर ॲक्सेस' पहिले दोन महिने खासगी ठेवा, फक्त शिक्षक आणि मुख्याध्यापक पाहू शकतील असा. तेवढ्या काळात वर्गाला लय सापडते. 'कॉमेंट मॉडरेशन' 'ऑलवेज' वर, म्हणजे शिक्षकाने वाचल्याशिवाय एकही प्रतिक्रिया दिसणार नाही. टाइम झोन भारताचा, नाहीतर तारखा चुकतात. आणि जाहिराती बंद. ब्लॉगवर जाहिराती लावून मिळकत घेणं हा प्रश्न सेवाशर्तींचाही आहे: जिल्हा परिषद आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत खासगी व्यवसायावर बंधनं आहेत. मुलांच्या लेखनाशेजारी कसलीही जाहिरात दिसणं तसंही शोभत नाही.

तिसरी पायरी: नावाचा नियम

धोका बहुतेक वेळा एका मोठ्या चुकीतून येत नाही. पोस्टखाली पूर्ण नाव, वर शाळेचं नाव, बाजूला गणवेशातला फोटो आणि मजकुरात 'मी रोज साडेपाचला कालव्याच्या रस्त्याने एकटी घरी जाते.' यातली प्रत्येक गोष्ट सुटी निरुपद्रवी वाटते. चारही एकत्र आल्या की अनोळखी माणसाला मुलगी कोण, कुठे आणि केव्हा एकटी असते हे कळतं.

म्हणून नियम असा ठेवा: आडनाव कधीच नाही. आडनावातून जात आणि घर दोन्ही ओळखू येतात. छोट्या गावात नुसतं पहिलं नावही ओळख पटवायला पुरतं, तिथे मुलांना टोपणनावं घेऊ द्या. झाडांची, पक्ष्यांची नावं मुलं आनंदाने निवडतात: 'सुगरण', 'पळस', 'टिटवी'. कोणाचं टोपणनाव काय, याची यादी वर्गाच्या कपाटात, ब्लॉगवर नाही. मजकुरातून येण्याजाण्याची वेळ, रस्ता, फोन नंबर, घरातलं भांडण, आजारपण, कर्ज हे तपशील शिक्षकाने काढायचे आणि का काढले ते मुलाला सांगायचं.

इथे एक गंभीर गोष्ट. मोकळेपणाने लिहायला लागलेलं मूल कधीकधी स्वतःवर होत असलेल्या अत्याचाराबद्दल लिहितं. तो कागद ब्लॉगसाठी नाही, वर्गात वाचण्यासाठीही नाही. मुलाला शांतपणे धीर द्या, खोदून प्रश्न विचारू नका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्या प्रत्येकावर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवायची जबाबदारी असते. आधी मुख्याध्यापकांशी बोला, पण कळवणं कोणाच्या सांगण्यावरून टाळू नका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वर मदत मिळते.

चौथी पायरी: लेखनाचं चक्र

३५ मुलांचा वर्ग धरू. पाच-पाचांचे सात गट करा. दर आठवड्याला एका गटाची पाळी, म्हणजे सात आठवड्यांत प्रत्येक मुलाचं लेखन एकदा येतं आणि वर्षाच्या साधारण तीस कामाच्या आठवड्यांत प्रत्येकाला चार वेळा संधी मिळते. हे गणित आधी करायचं कारण असं की ते केलं नाही, तर त्याच सहा हुशार मुलांचे लेख येत राहतात आणि बाकीच्यांना हे आपलं नाही असं वाटायला लागतं.

एका लेखाची लांबी १२० ते २०० शब्द. सोमवारी विषय आणि गप्पा, मंगळवारी पहिला खर्डा वहीत, एक ओळ सोडून, म्हणजे मधे दुरुस्ती लिहिता येते. बुधवारी जोडीदार वाचतो आणि फक्त तीन प्रश्न पेन्सिलने लिहितो. शुद्धलेखन काढणं हे त्याचं काम नाही. गुरुवारी दुसरा खर्डा. शुक्रवारी टाइपिंग, शनिवारी सकाळच्या शाळेत सगळ्यांसमोर वाचून प्रकाशित.

बुधवारचे प्रश्न काय करतात ते बघा. पहिला खर्डा:

'आमच्या गावचा बाजार खूप छान असतो. तिथे खूप गर्दी असते. लोक भाजी घेतात. मला बाजार खूप आवडतो.'

जोडीदाराचे प्रश्न: बाजार कुठून कुठपर्यंत भरतो? तू कोणाजवळ थांबतेस? तिथे काय घेतेस, केवढ्याला? दुसरा खर्डा:

'आमचा बाजार मंगळवारी भरतो. चावडीपासून मारुतीच्या देवळापर्यंत दोन्ही बाजूंनी पालं पडतात. मिरचीवाली मावशी तराजू वापरत नाही. ती वाटे लावते. दहा रुपयाला एक वाटा. आई म्हणते कडेचा वाटा घे, त्यात मिरच्या जास्त असत्यात.'

दोन्ही एकाच मुलीचे शब्द असू शकतात. फरक पाडला तो प्रश्नांनी. 'असत्यात' तसंच ठेवा, ती आईची बोली आहे आणि अवतरणासारखी आली आहे. निवेदनातलं शुद्धलेखन मात्र मुलाकडूनच दुरुस्त करून घ्या. शिक्षकाने वाक्यं सुबक करून दिली की लेख छान दिसतो आणि मूल त्यातून निघून जातं. वाचकालाही ते लगेच कळतं, कारण सहावीतलं मूल 'निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रफुल्लित झाले' असं बोलत नाही.

विषयांवर बरंच अवलंबून असतं. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'माझा आवडता प्राणी' दिले तर मार्गदर्शिका, इंटरनेट किंवा चॅटजीपीटीचा मजकूर येणारच. नक्कल पकडण्यात वेळ घालवण्यापेक्षा नक्कल अशक्य होईल असा विषय द्या: आमच्या वर्गाच्या पत्र्यावर पावसाचा आवाज, आजीने जात्यावर दळणं कधी सोडलं, गावातल्या पाच विहिरींपैकी आज किती चालू आहेत, शाळेतल्या वडावर एका तासात कोणते पक्षी आले. अशा विषयांची माहिती मुलांना विचारून, मोजून, उभं राहूनच मिळवावी लागते.

पाचवी पायरी: मराठी टाइपिंग

जुन्या संगणकावर श्रीलिपी, कृतीदेव किंवा सुरेखसारख्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर ब्लॉगवर चिकटवला की निरर्थक अक्षरं उमटतात. तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांच्या मानकात, आणावा लागतो आणि जोडाक्षरं तपासावी लागतात. नव्याने टाइप करताना युनिकोडच वापरा. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक मुलं दोन-तीन आठवड्यांत शिकतात आणि ते कौशल्य पुढे कामाला येतं. मोबाइलवर गूगलचा जीबोर्ड हा कळफलक.

बोलून टाइप केलं तर वेळ निम्म्याने वाचतो, पण गावांची नावं, बोलीतले शब्द आणि विरामचिन्हं हमखास चुकतात. 'पालं' चं 'पाल' होतं. म्हणून बोलून टाइप केलेला मजकूर लिहिणाऱ्या मुलानेच वहीशी ताडून बघायचा.

'पुढाऱ्यांना', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला सारखाच, आतून वेगळा, त्यामुळे शोध घेताना सापडत नाही. 'ॲ' आणि 'अॅ' यांचंही तसंच. वर्गात एकच कळफलक ठरवला की हा गोंधळ टळतो.

शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर पत्त्यात ते वापरत नाही, 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा असा पत्ता बनवतो. शंभर लेखांनंतर कोणता दुवा कशाचा ते कळत नाही. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या 'परमालिंक' मध्ये 'कस्टम' निवडून रोमन अक्षरांत छोटं नाव द्या. एकदा प्रकाशित झाल्यावर पत्ता बदलला तर आधी पाठवलेले दुवे तुटतात.

फोटो

मुलांच्या चेहऱ्यापेक्षा मुलांच्या हातचं दाखवा: वही, चित्र, मातीचा बैल, मोजलेली विहीर. मोबाइलचा फोटो बहुधा ३ ते ५ एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत कमी केली की तो साधारण २०० केबीच्या आसपास येतो आणि कमकुवत नेटवर्कवरही उघडतो. कॅमेऱ्यातलं 'लोकेशन' बंद ठेवा, नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश साठतात. फळ्यावरची हजेरी, मागच्या भिंतीवरची नावांची यादी, वहीच्या कव्हरवरचं पूर्ण नाव हे फोटोत नकळत येतं. टाकण्याआधी कोपरे बघा.

दुसऱ्याचा मजकूर

कॉपीराइट कायदा, १९५७ शिक्षकाला वर्गात शिकवण्यापुरती मोकळीक देतो. इंटरनेटवर सर्वांसाठी टाकणं त्यात बसेल असं समजू नका. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांचे हक्क मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय भाग उद्धृत करता येणार नाही असं पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं. पाठाची छायाचित्रं किंवा पीडीएफ चढवू नका, ई-बालभारतीचा दुवा द्या.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. बालकवी १९१८ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन मोकळं आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांची कविता २०५९ अखेरपर्यंत परवानगीशिवाय पूर्ण टाकता येणार नाही. दोन ओळी देऊन त्यावर मुलाने काय वाटलं ते लिहिणं वेगळं. आणि मुलाच्या लेखाचा हक्क मुलाचाच आहे. शाळेच्या स्मरणिकेत किंवा वृत्तपत्रात तो द्यायचा असेल तर पुन्हा विचारा.

प्रतिक्रिया

'छान', 'खूप सुंदर' आणि फुलांचे गुच्छ यांनी मुलाला काही मिळत नाही. पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना सांगून ठेवा: लेखातली एक गोष्ट घ्या आणि एक प्रश्न विचारा. मंजुरीसाठी आलेल्या प्रतिक्रिया आठवड्यातून दोनदा बघा. कुचेष्टा, जातीवाचक शब्द, मुलाशी खासगी संपर्क मागणारा मजकूर मंजूर करायचा नाही. शेवटच्या प्रकारचा स्क्रीनशॉट ठेवून मुख्याध्यापकांना दाखवायचा. वाचनसंख्येचा आकडा ब्लॉगवर लावू नका. मुलं लेख सोडून आकडा बघायला लागतात.

शिक्षकाचा स्वतःचा ब्लॉग

तो वेगळा ठेवा, वेगळ्या खात्यावर. राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरासाठी काढलेल्या सूचनांतही वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितलं आहे. शासन निर्णय पुढे ढकलणारे ब्लॉग पुष्कळ आहेत. दुर्मीळ आहे ती एका तासाची प्रामाणिक नोंद. अपूर्णांकांची बेरीज शिकवताना मुलं अंशात अंश आणि छेदात छेद का मिळवतात, कागदाच्या घड्या घालून काय बदललं, काय बदललं नाही. अशी एक नोंद दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षकाचा एक आठवडा वाचवते.

मुलांविषयी राग तिथे उतरवू नका, नाव न घेताही नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हानियातल्या एका शिक्षिकेने स्वतःच्या ब्लॉगवर विद्यार्थ्यांना आळशी, रडके अशी विशेषणं लावली होती. शाळेचं किंवा मुलांचं नाव घेतलं नव्हतं. २०११ मध्ये विद्यार्थ्यांना तो ब्लॉग सापडला, निलंबन झालं, पुढे नोकरी गेली आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही तिची बाजू मान्य केली नाही. न्यायालयाचा निकाल वेगळा लागला असता तरी त्या वर्गात तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

बदली आणि जतन

शाळांचे ब्लॉग बहुतेक एकाच कारणाने मरतात: चालवणाऱ्या शिक्षकाची बदली. सुरुवातीलाच 'परमिशन्स' मधून दुसऱ्या शिक्षकाला निमंत्रण पाठवा. त्यांनी ते स्वीकारल्यावर त्यांचा दर्जा 'ऑथर' वरून 'ॲडमिन' करा. नुसतं निमंत्रण पाठवून थांबलं तर उपयोग नाही. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं बंद करून त्यातलं सगळं पुसण्याचं गूगलचं धोरण आहे, त्यामुळे पाकिटातल्या त्या खात्यात दर सहामाहीला एकदा लॉग इन करा.

दर सत्राअखेर 'बॅक अप कंटेंट' मधून प्रत उतरवा, पेन ड्राइव्हवर ठेवा आणि निवडक नव्हे, सगळे लेख छापून एक हस्तलिखितासारखी बांधीव प्रत ग्रंथालयात लावा. ३५ मुलांचे चार-चार लेख म्हणजे दीडशेच्या आत पानं होतात.

आणि दहावीनंतर कधी एखादा विद्यार्थी येऊन म्हणेल, सहावीतला माझा लेख काढा. कारण विचारू नका. पोस्ट पुसा, तिच्यातला फोटो वेगळा पुसा, मग लेखाचं शीर्षक गूगलवर शोधून तो अजून दिसतो का बघा. दिसत असेल तर गूगलच्या जुना मजकूर काढण्याच्या अर्जात तो दुवा भरा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा.